इतिहासात एम.ए. करून काय करणार?



परवा मंदिरातून निघताना एका काकूंनी मला पायरीवरच गाठलं. "कायले पाह्यजे वो तुले आता एम.ए.? अन् तेही इतिहासात!" सोबतच्या चौघी हसल्या. मीही हसले आणि घरी आले. पण वरणाला फोडणी देताना जो राग आला तो अजून उतरला नाही, म्हणून लिहिते.

मुलगी सी.ए. करते म्हटलं की आपल्यात पेढे वाटतात. इतिहास म्हटलं की, "दुसरीकडे प्रवेश मिळाला नसेल." इतिहासात नोकऱ्या कमी, हे मान्य. घर हिशेबावर चालतं, दुकानाच्या वह्या मीही लिहिल्या आहेत. पण ज्या घराला सुनेच्या पगाराची गरजच नाही, तिथेही हाच नकार येतो. मग अडचण पैशाची कशी?

मी काकूंना विचारलं, तुमच्या सासूबाईंच्या सासूबाईंचं नाव काय? त्यांना सांगता आलं नाही. मलाही माझ्या घरचं सांगता येत नाही. आपल्या वंशावळीत बाप, मुलगा, नातू. सुनांची जागा कोरी. आता मंदिरातल्या जुन्या धातूच्या प्रतिमेची मागची बाजू किंवा खालची बैठक बघा. संवत, संघ, गण, भट्टारकांचं नाव, ज्ञाती, श्रावकाचं नाव आणि पुष्कळदा त्यापुढे 'भार्या' म्हणून तिचंही नाव. कागदावर जी राहिली नाही ती धातूवर आहे! आणि आपण काय करतो? घासून घासून प्रतिमा लखलखीत करतो. अक्षरं झिजतात.

एका गावी (नाव घेत नाही) जीर्णोद्धारात लेख असलेली जुनी शिळा पायात भरली गेली. संगमरवराचा भाव काढणारे दहा जण होते, लेख वाचणारं एकही नव्हतं. आपल्या बायकांनी बोली बोलून, बांगड्या विकून उभी केलेली मंदिरं ही. त्यांचा इतिहास आपल्याला नको?

"व्हॉट्सॲपवर सगळं येतं की." येतं ना! प्रत्येक मंदिर हजार वर्षांचं येतं. संवत आणि शक यांत १३५ वर्षांचं अंतर असतं, हे न बघता आकडा उचलला की मूर्ती दीड शतक इकडची तिकडे होते. एम.ए. झाल्याबरोबर जुना लेख घडाघडा वाचता येईल असं मी म्हणत नाही, लिपी वेगळी शिकावी लागते. पण कशावरून म्हणता, हे विचारायची सवय तिथे लागते. हीच सवय सुनेला लागू नये असं तर वाटत नसेल ना?

हे काम वऱ्हाडाला नवीन नाही. प्रा. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवायचे. कारंज्याच्या भांडारातल्या पोथ्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. पुष्पदंताचं 'णायकुमारचरिउ' त्यांनी संपादित केलं, ते कारंज्याहूनच १९३३ साली निघालं. षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे सोळा भाग झाले. दर्यापूरहून अमरावती आपण लग्नाच्या साड्या घ्यायला वर्षातून चारदा जातो. यातलं आपल्या पाठशाळेत मला कोणी कधी सांगितलं नाही. दोष पाठशाळेच्या ताईंचा नाही, त्यांनाही कोणी सांगितलं नसणार.

वयाचं म्हणाल, तर इग्नूत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांपर्यंत पुरवता येतो. पुस्तकं घरी येतात. चातुर्मासात आपण एकासनं करतो, पर्युषणात दहा दहा उपवास करतो. तेव्हा वय आठवत नाही आणि घरचं कोणी "कायले पाह्यजे" म्हणत नाही.

माझा अर्ज भरून झाला आहे. काकू, रविवारी मंदिरात येताना चष्मा विसरू नका. प्रक्षाळ झाला की भाऊंना ती छोटी चोवीसी उलटी धरायला सांगू. मागच्या ओळीत एका बाईचं नाव आहे, पहिली दोन अक्षरं मला लागली आहेत.