नेम शिकवता येतो

कासा परिसरात गोल्फ खेळणारे शोधावे लागतील. गोट्या खेळणारी पोरे पाड्यापाड्यावर सापडतील. तरीही गोल्फमधला शेवटचा हलका फटका, म्हणजे पट, आपल्या शाळांना एक गोष्ट शिकवतो.

गोल्फचा खळगा १०.८ सेंमी रुंद. तीन मीटरवरून दिशा एका अंशाने चुकली तरी चेंडू मध्यापासून पाच सेंमी सरकतो, म्हणजे थेट काठावर. अशा वेळी हाताचा दोष काढला जातो. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये खेळाडूंच्या डोळ्यांचा माग काढला. कच्च्यांची नजर चेंडू, काठी, खळगा अशी भिरभिरत होती. मुरलेल्यांची फटक्याआधी चेंडूवर दोनेक सेकंद खिळलेली, आणि फटक्यानंतरही क्षणभर तिथेच. चेंडू कुठे गेला ते पाहण्याची घाईच घात करते. ही सवय शिकवता येते आणि दडपणातही टिकते, हे पुढे इंग्लंडमधील प्रयोगांत दिसले. (गोटीत नजर लक्ष्यावर ठेवायची, इथे चेंडूवर, स्थिरता तीच.)

म्हणून ‘याला नेमच नाही’ असे सांगून पोराला बाहेर बसवणे आम्हाला मान्य नाही. आधी त्याला फळ्यावरचे नीट दिसते का, ते तपासा. चष्म्याचे काम सराव करत नाही. दिसत असेल तर अंगणात वाटीएवढा खळगा, एक काठी आणि रबरी चेंडू पुरे. चेंडू सुटल्यावर मनात ‘एक’ म्हणेपर्यंत मान वर करायची नाही, एवढीच अट. गणिताच्या गुरुजींनी खेळाचा तास मागितला, तर या खेपेस देऊ नका.