प्रश्नावली भरून घेतली, उत्तर कधी देणार?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शिक्षक, मुख्याध्यापक, पालक, आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारे व करवून घेणारे अशा सर्वांसाठी

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्याने ज्या शाळेतून माहिती नेली, त्या शाळेत परत यावे आणि आपल्याला काय सापडले ते तिथल्या शिक्षकांना व पालकांना कळेल अशा मराठीत सांगावे. तसे सांगितल्याचा पुरावा जोडल्याशिवाय विद्यापीठाने प्रबंध स्वीकारू नये. आमची मागणी एवढीच आहे. ज्यांना ती अवाजवी वाटते त्यांनी पुढे वाचावे. ज्यांना वाजवी वाटते त्यांनी शेवटचा परिच्छेद आधी वाचून कामाला लागावे.

सध्या चालते ते असे. दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत संशोधक येतात. सोबत संशोधन केंद्राचे पत्र आणि झेरॉक्सचा गठ्ठा. नववीचा एक तास मोडून मुलांना बसवले जाते. विधानांपुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच रकाने, त्यात खुणा करायच्या. पुष्कळांना विधानच कळत नाही, मग शेजारच्याचे बघून खूण होते. चहा होतो, मुख्याध्यापक सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र देतात आणि गठ्ठा पिशवीत जातो. पुढे त्या खुणांची बेरीज होते, मध्यमान आणि प्रमाण विचलन निघते, 'टी' मूल्य निघते, आणि शून्य परिकल्पना ०.०५ सार्थकता पातळीवर कधी स्वीकारली जाते, कधी त्यागली जाते. काही वर्षांनी चौकात फ्लेक्स लागतो, नावामागे डॉक्टर लागतो. हिवाळा असेल तर भरीत-पुरीची पंगतही बसते. पंगतीला आमचा आक्षेप नाही, खानदेशात भरिताला आक्षेप घेणारा जन्मायचा आहे. आक्षेप एवढाच, की त्या नववीच्या वर्गाला पुढे काही कळत नाही. शाळेने एक तास दिला, मुलांनी आपल्या घरची, मनाची माहिती दिली. बदल्यात शाळेच्या दप्तरी आभाराचे पत्रही नसते.

विषय कसे निघतात तेही पाहण्यासारखे आहे. साचा तयार असतो : 'अमुक तालुक्यातील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या तमुक गुणाचा शैक्षणिक संपादणुकीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास'. तमुकच्या जागी भावनिक बुद्धिमत्ता, समायोजन, अभ्याससवयी, ताण यांपैकी काहीही घाला. चोपड्याच्या जागी यावल घातले की विषय नवा. मोजायची पट्टीही इथली नसते. आग्र्याहून छापील मानसशास्त्रीय चाचणी मागवायची, तिचे ओढूनताणून मराठी करायचे आणि साक्रीच्या मुलाला द्यायची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्य तपासले जाते आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मजकुराचे साम्य यंत्र पकडते. विचारांचे साम्य पकडणारे यंत्र आलेले नाही; ते काम मार्गदर्शकाचे आणि आराखडा मंजूर करणाऱ्या समितीचे असते.

सर्वांत वाईट गोष्ट मात्र वेगळीच आहे. हे संशोधन करणाऱ्यांत शाळेतलेच शिक्षक पुष्कळ असतात. वीस वर्षे पहिली-दुसरीला शिकवलेली बाई नोकरी, घर, मतदारयादीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.ला बसते. ती संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवते, प्रवेश परीक्षा देते, कोर्सवर्कचे क्रेडिट पुरे करते. कोणत्या गावचे मूल कोणत्या महिन्यात शाळेतून गळते, कोणत्या अक्षराला अडते, कोणाच्या घरी कोणती बोली आहे, हे तिला जितके माहीत आहे तितके कोणत्याही प्राध्यापकाला माहीत नाही. तिला सांगितले जाते की स्वतःच्या वर्गाचा विषय नको, तो वस्तुनिष्ठ होणार नाही, एखादी प्रमाणित चाचणी घ्या. म्हणजे जे तिला ठाऊक आहे ते दाराबाहेर ठेवायचे आणि जे कोणालाच नको आहे ते मोजायचे. वीस वर्षांच्या अनुभवाची ही अशी वासलात लागते आणि तिला वाटते की संशोधन म्हणतात ते हेच.

हे असे का झाले? केवळ संशोधकांच्या माथी मारू नका. पदवीची शिडी सरकारी नियमांनी बांधली. एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांनी बी.एड. महाविद्यालयाच्या प्राचार्याला पीएच.डी. आवश्यक केली. यूजीसीने २०१८ च्या नियमांत विद्यापीठ विभागातल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची केली, ती लांबणीवर टाकली आणि २०२३ मध्ये पुन्हा नेट-सेट पुरे म्हणून सांगितले. २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी नियतकालिकात एक लेख आणि परिषदांत दोन निबंध हवे होते. त्या एका ओळीवर पैसे घेऊन लेख छापणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. बाजाराला आळा घालायला २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आली, २०२५ मध्ये ती यादीही गेली. लेखाची अट तर २०२२ च्या नियमांनी आधीच काढून टाकली होती. ज्यांनी पदरचे पैसे भरून लेख छापले त्यांना कोण परत देणार? आणि इतके करून पदवी हाती आल्यावर कित्येक जण अजून तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने शिकवत आहेत. नोकरीसाठी पदवी सांगितली, नोकरी दिली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपची चर्चा चालू असताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि राज्यभर संताप उसळला. संताप योग्यच होता. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातून पहिल्यांदा विद्यापीठात पोचलेल्या पोराला हा टोमणा मारणे शोभत नाही. सरकारने जागा भरायच्या नाहीत आणि शिकणाऱ्याला हिणवायचे, हा उलटा न्याय आहे. पण टोमणा परत करून आपली सुटका होत नाही. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे. हा पैसा करातून येतो आणि कर दुकानातून तेल-साबण घेणारा माणूसही भरतो. त्याच्या मुलाच्या शाळेबद्दल आपण काय शोधले, हे त्याने विचारले तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

आणि या मुलुखाला संशोधन नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे बी.ए. होते, डॉक्टर नव्हते. गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरचे, देवघरांतले कागद धुंडाळत त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांनी देह ठेवला आणि लगेच, जानेवारी १९२७ मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. तिथली कागदपत्रे, तिथले 'संशोधक' हे नियतकालिक आजही अभ्यासकांना बोलावते. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढले. त्याच गावच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावला विद्यापीठ झाले, ते कशासाठी? पुण्याला खेटे घालणे वाचावे एवढ्यासाठी खचितच नाही. इथले प्रश्न इथे अभ्यासले जावेत म्हणून झाले. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव दिले. बहिणाबाई निरक्षर होत्या हे पदवीदान समारंभात सांगून टाळ्या घेण्याचा कार्यक्रम आता पुरे झाला. असोद्याची ती बाई जे बोलली ते सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवले म्हणून महाराष्ट्राला मिळाले. टिपून ठेवण्यासारखे आजही गावोगाव आहे, टिपणारे आग्र्याच्या चाचणीत अडकले आहेत.

काय अभ्यासायचे, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणत्या मुली घरी राहतात, आणि जानेवारीत परत आल्यावर त्यांचे गणित कुठे तुटलेले असते? ऊसतोडीला चाळीसगावच्या तांड्यांवरून, साक्री-शिरपूरकडून जोडपी निघतात. मागे आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली. ती कागदावर किती दिवस चालली आणि ताटात किती दिवस चालली? सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणारे मूल पहिलीत मराठीचे पुस्तक उघडते तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत शिक्षक नेमके काय करतात? काही शिक्षक स्वतः पावरी शिकले, त्यांच्या वर्गात फरक पडला का? अहिराणी घरात बोलणाऱ्या मुलाने 'मन्हा' लिहिले की लाल शाईची खूण होते. ती खूण सोसून ते मूल बोलायचे थांबते का, कितव्या इयत्तेत थांबते? धुळ्याच्या यंत्रमाग वस्तीतल्या उर्दू शाळांतून दहावीनंतर मुले कुठे जातात? वस्तीशाळांच्या निमशिक्षकांनी पाड्यांवर जी वर्षे काढली, त्यांचा इतिहास त्यांच्याच तोंडून कोण लिहून घेणार? तेही म्हातारे होत चालले.

आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून दोन नावे पुढे केली, पुण्याकडचे पानशेत आणि नंदुरबारचे तोरणमाळ. तोरणमाळ आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत आहे. अख्ख्या राज्यातल्या छोट्या शाळांचे भवितव्य ज्या शाळेकडे बोट दाखवून ठरवायचे, तिथे घरापासून तुटलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांचे काय होते, पाडा सुना झाल्यावर गावाचे काय होते, हे शोधायला आपल्याइतके जवळ कोणी नाही. तसेच परीक्षांचे. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत ताणण्याचे वेळापत्रक पुण्यात ठरले. जळगाव-भुसावळच्या एप्रिलातल्या उन्हात पत्र्याच्या वर्गात मूल किती वेळ लिहू शकते, हे मोजायला एक थर्मामीटर, एक घड्याळ आणि दोन उन्हाळे पुरतात. असा प्रबंध हातात असता तर शिक्षकांना नुसती निवेदने घेऊन फिरावे लागले नसते.

यावर ठरलेला आक्षेप येईल, की संशोधनाला उपयोगाच्या दावणीला बांधू नका, मूलभूत संशोधनाची किंमत लगेच कळत नाही. मान्य. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, शिक्षणाचा इतिहास, मूल शिकते म्हणजे काय होते याचा शोध, यांवर कोणी दहा वर्षे घालवली तरी आम्ही त्याच्या दारात हिशेब मागायला जाणार नाही. पण तीनशे मुलांकडून खुणा करून घेऊन 'मुलींच्या आणि मुलांच्या मध्यमानात सार्थक फरक नाही' असे लिहिणे मूलभूतही नाही आणि उपयोगीही नाही. दुसरा आक्षेप असा, की शाळेला निष्कर्ष सांगितले आणि ते शाळेविरुद्ध असले तर? तर सांगायलाच हवेत. नावे झाकून, सभ्यपणे, पण तोंडावर. जो निष्कर्ष त्या गावात उभे राहून सांगता येत नाही त्याच्यावर व्हायव्हात टाळ्या कशाला?

मार्गदर्शकांनाही दोन शब्द. नियमाने प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. यांतल्या प्रत्येकासोबत एकदा तरी त्याच्या शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसा. सहा महिन्यांच्या प्रगती अहवालावर सही करण्यापेक्षा तो दिवस दोघांच्याही जास्त कामाचा ठरेल. आराखडा समितीत बसणाऱ्यांनी शीर्षक वाचण्याआधी विचारावे, की हा प्रश्न कोणत्या शाळेत, कोणाला पडला? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला परत पाठवावे. पंधरा दिवस शाळेत बसला की प्रश्न सापडेल. आणि चांगले प्रबंध झाले आहेत, तेही आम्ही जाणतो. मग ते कपाटात का? शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध चढवले जातात, मोबाइलवर कोणालाही उघडता येतात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी (डाएट) आपापल्या जिल्ह्यातले प्रबंध काढून केंद्रप्रमुखांच्या हाती त्यांचे चार-चार पानांचे सार द्यावे. शिक्षण परिषदेत सेल्फीचे फोटो अपलोड करण्यात जाणारा वेळ त्यावर चर्चेत जाऊ द्या.

विद्यापीठ नियम बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण शाळेचे दार शाळेच्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा शिक्षक-पालक संघाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मांडा, इतिवृत्तात नोंदवा आणि एक प्रत केंद्रप्रमुखांना द्या : 'या शाळेतील विद्यार्थ्यांकडून अथवा शिक्षकांकडून संशोधनासाठी माहिती घेऊ इच्छिणाऱ्याने प्रश्नावली आठ दिवस आधी समितीस वाचावयास द्यावी, काम पूर्ण झाल्यावर निष्कर्ष सोप्या मराठीत, चार पानांत, शाळेस लेखी द्यावेत व पालकांच्या सभेत समक्ष सांगावेत, तशी सही केलेली हमी घेतल्याशिवाय मुख्याध्यापकांनी परवानगी देऊ नये.'