घट बसतो तिथंच पिशवी निघते

घटस्थापना जवळ आली की आपल्या पोरांत दर साली एकच भांडण लागतं. एक म्हणतो, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, गौरी-गणपती आन कुठलीच देवी मानणार नाही असं लाखांच्या तोंडून वदवून घेतलं, मग तुझ्या घरात घट कामून? दुसरा मान खाली घालतो, म्हणतो माय ऐकत नाय. तिसरा चार बुकं जास्त वाचलेला. तो म्हणतो देवी मुळात आपलीच होती, बामनांनी पळवली, आपण परत आणली पाहिजे. रात्री बारापर्यंत हे चालतं. सकाळी तिघांच्याही माया नवरात्राच्या नेमानं अनवाणी पायांनी पाण्याला निघतात आणि त्याच वेळेला मुकादमाची जीप वस्तीत येऊन उभी राहते. उचल वाटायला. त्या जीपबद्दल तिघंही गप.

मला या तिघांशी भांडायचंय.

सुरुवात घटापासनंच करू. जे मोडायचं ते आधी नीट बघावं लागतं. अश्विन शुद्ध प्रतिपदेला बीड जिल्ह्यात घरोघर काय करतात? वावरातली काळी माती आणतात. पत्रावळीवर नाहीतर परडीत पसरतात. त्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं पाच-सात जातीचं धान पेरतात. मधोमध मातीचं मडकं ठेवतात, त्यात पाणी, तोंडावर नागवेलीची पानं आणि नारळ. रोज एक माळ चढते. शेजारचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही. मडकं पाझरतं, माती ओली राहते, धान उगवून येतं. दसऱ्याला ते पिवळे कोंब उपटून टोपीत, पटक्यात खोवतात.

यात महिषासुर कुठाय? पोथी कुठाय? रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातलं बी उगवतं का नाही ते पाहायची ही कुणब्याची, कुणब्याच्या बायकोची रीत. मडकं म्हणजे बाईचं पोट. रा. चिं. ढेऱ्यांचं ‘लज्जागौरी’ १९७८ साली आलं. कुंभ म्हणजे देवीचं गर्भाशय हे त्यांनी जुन्या मूर्ती आणि रीतिभाती धुंडाळून दाखवलं. म्हणजे नऊ दिवस गाव ज्याच्यापुढं हात जोडून बसतं ती बाईची कूस आहे. ज्यातनं माणूस येतो, धान्य येतं, ती जागा. इथपर्यंत आपल्या तिसऱ्या दोस्ताचं मला पटतं.

पण पुढं पोथी आली आणि मडक्यावर चढून बसली. पोथी म्हणाली, देवीनं रेड्याच्या रूपातला असुर मारला. मग गावाला दसऱ्याला हेल्या मारावा लागला. आणि हेल्याला कोण धरणार? आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. गावोगाव हेल्या शिवंवरून फिरवायचा महारानं, ओढायचा महारामांगानं, हलगी वाजवायची मांगानं. पडलेलं धूड उचलायचं आपणच आणि वाट्याला आलेलं मटण हक्क म्हणून मिरवायचं. बेदरच्या बादशहानं दिलेले बावन्न हक्क म्हणे! त्या हक्कांत देवळाच्या पायरीवर चढायचा हक्क तेवढा नव्हता. हलगीचा आवाज देवीला चालायचा, हलगीवाला चालायचा नाही. कारण काय, तर विटाळ.

हा शब्द जरा उलटा करून बघा. विटाळ. आपल्या सावलीचा विटाळ आणि बाईच्या पाळीचाही विटाळ. दोन्हीला एकच शब्द! आजही घट बसला की घरातली सून, लेक दिवस मोजते. पाळी आली तर घटाला हात लावायचा नाही, माळ चढवायची नाही, कडेला बसायचं. ज्या कुशीचं मडकं करून पुजता, त्या कुशीचं रक्त मात्र घाण. चोखोबाची बायको सोयराबाई, तिनं चौदाव्या शतकात याची उलटतपासणी घेतली होती. विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह दाखवा, असं तिचं विचारणं. महाराची बाई. दोन्ही विटाळ तिच्या एकाच अंगावर होते, म्हणून तिला ते दिसलं. अजून तिला कुणी उत्तर दिलेलं नाही.

आता आपल्या जिल्ह्याच्या देवीकडं या. अंबाजोगाईची योगेश्वरी. कोकणस्थांची कुलदेवी, पार कोकणातनं लोक दर्शनाला येतात. कथा अशी सांगतात की परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, देवी अंबाजोगाईतच राहिली. कुमारिका राहिली म्हणून तिचा केवढा मान. नवरात्रात बाया देवळात आराध बसतात, नऊ दिवस तिथंच. गावोगाव कुमारिका पूजन होतं, लहान पोरींचे पाय धुतात, हळदकुंकू लावतात. आणि त्याच जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांत चाळिसाच्या वर अशा निघाल्या की ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं. देवीचा मुहूर्त टळला तर देवी झाली. आमच्या पोरींचा मुहूर्त टळू देत नाही कुणी. मायबाप सहा महिने ऊसतोडीला जाणार, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न लावून दिलं की चिंता मिटली आणि फडाला एक कोयता वाढला.

कोयता म्हणजे काय, हे बाहेरगावच्या दोस्तांसाठी सांगतो. तोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल जोडीला. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. खंडेनवमीला हत्यारं पुजतात. मी जिनिंगात काम करतो, आमच्याकडं मशीनला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो. तशीच घरोघर कोयत्याला हळदकुंकू लागतं. लोखंडाच्या कोयत्याला, बरं का. तो धरणारी बाई अर्धीच.

दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, तिकडं कर्नाटकात. सीमोल्लंघन म्हणायचं असेल तर हेच खरं सीमोल्लंघन. टोळीत वंजारी, लमाण, मराठा, महार, मांग सगळे असतात. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. राहायला कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, धुवायला पाणी नाही. पाळीचं फडकं वाळत घालायला आडोसा नाही. दुखलं म्हणून बसलं तर खाडा. २०१९ मध्ये ज्या बाया बोलल्या त्यांनी एका खाड्याला पाचशे रुपये कापतात असं सांगितलं. चार दिवसांचे दोन हजार. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. करा हिशेब.

बायांनी तो हिशेब केलाय. त्या पिशवी काढतात.

२०१९ च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ऊसतोडीच्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. तिशी-पस्तिशीतल्या बाया त्यात पुष्कळ.

दोस्तांनो, हा आकडा घटाशेजारी ठेवा. ज्या जिल्ह्यात घरोघर मातीची कूस बसवतात, तिला नऊ दिवस पाणी घालतात, तिचा दिवा विझू देत नाहीत, त्याच जिल्ह्यात सहातल्या एका तोडकरणीची हाडामांसाची कूस कापून टोपलीत टाकलेली आहे. खाडा पडू नये म्हणून.

माझी एक मावशी आहे. चौदाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन लेकरं. फडात अंगावरून जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं. गावाकडं आल्यावर डॉक्टरकडं गेली. त्यानं सोनोग्राफी केली, म्हणाला पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल. कागद वाचता येत नाही. पैसे मुकादमाकडनं घेतले, ते उचलीत धरले, फिटता फिटता दोन हंगाम गेले. टाके पुरते सुकायच्या आत डोक्यावर मोळी. आता पस्तिशीची आहे, कंबर धरून उठते, तळपायाची आग होते, रात्री दरदरून घाम फुटतो. अन् ती दर वर्षी घट बसवते. मी म्हणालो, मावशे, कशाला? ती म्हणाली, “आता बरं झालं की रे. आता मला नऊच्या नऊ दिवस माळ घालता येते. अडचण नाय काही.”

यावर मी काय बोलणार? पिशवी गेली तेव्हा विटाळ गेला, विटाळ गेला तेव्हा देवीनं जवळ केलं. मुकादमालाही अशीच बाई पाहिजे आणि देवालाही अशीच. पाळी नसलेली. दोघांचं एवढं एकमत कसं जुळतं, याचा विचार करा. ही बाई पुजायला मडकं होते आणि राबायला अर्धा कोयता. माणूस म्हणून पुरी अशी तिला कोणीच धरत नाही.

आता त्या तिघांकडं येतो.

पहिल्या दोस्ता, तू प्रतिज्ञा सांगतोस, बरोबर सांगतोस. मीही घट मानत नाही. पण तू घरात जाऊन मायचं मडकं फोडतोस अन् मुकादमाला रामराम घालतोस. मडकं फोडायला हिंमत लागत नाही, ते मातीचं आहे आणि माय तुझी आहे. ती रडेल, दोन दिवस जेवणार नाही, पुन्हा भाकर तुलाच देईल. बाबासाहेब देवाला नाही म्हणाले ते माणसाला हो म्हणण्यासाठी. तू पहिलं अर्धंच पाठ केलंस.

दुसऱ्या दोस्ता, माय ऐकत नाय म्हणतोस. तू तिचं कधी ऐकलंस? तिच्या पोटात कधीपासून दुखतं, ती कुठल्या डॉक्टरकडं गेली, कागदावर काय लिहिलंय, हे तुला ठाऊक आहे? ती देवीला सांगते, कारण घरात दुसरं कुणी ऐकणारं नाही.

तिसऱ्या दोस्ता, देवी आपली होती हे मान्य. म्हणून काय आता आपला ढोल, आपला मंडप, आपली वर्गणी? जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून बळीराजाचं नाव वर काढलं ते दुसरं देऊळ बांधायला नव्हे, तर राबणाऱ्यांचं राज्य कुणी बुडवलं ते सांगायला. ज्या कुशीसाठी तू इतिहास उकरतोस ती कूस आज तुझ्या गल्लीत कापली जातेय. आधी ती वाचव, मग मूर्तीचं वय मोज.

आणि तिघांनाही एक आठवण देतो. जुलै १९२८. मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा द्यायचं बिल आलं होतं. बाबासाहेब उभे राहिले, वय सदतीस. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि जो मालक तिच्या कष्टावर नफा मिळवतो त्यानं त्या खर्चाचा काही भार उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला. बाबासाहेबांनी बाईच्या कुशीची पूजा केली नाही, तिच्यासाठी पगार मागितला. आपला धर्म काय आणि त्यांचा धर्म काय, यातला फरक मला यापेक्षा सोपा करून सांगता येत नाही. शंभर वर्षं होत आली. फडातली बाई अजून खाड्यात मोजली जाते.

म्हणून मी म्हणतो, यंदा दसऱ्याला निळे झेंडे लावा, वंदना घ्या, पांढरी साडी नेसून बाया येतील त्यांचं स्वागत करा. अशोकानं शस्त्र टाकलं म्हणून बाबासाहेबांनी हा दिवस निवडला, तो आपला आहेच. पण टोळ्या हलायच्या आत त्याच मंडपात एक वही उघडा. वस्तीतल्या कोणत्या बाया तोडीला निघाल्या, कोण गरोदर आहे, कुणाचं अंगावरून जातं, कुणाला डॉक्टरनं पिशवी काढ म्हणून सांगितलंय, हे आपल्या पोरींना बसवून विचारा, पोरांनी लांब राहावं. २०१९ नंतर बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यात पिशवी काढायची नाही असं ठरलेलं आहे. ते वस्तीत किती जणींना माहीत आहे? कॅन्सर म्हटलं की तपासणीचा कागद मागायचा आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्यांदा दाखवायचं, एवढं प्रत्येक घरात पोचवा. आणि मुकादम उचल वाटायला येईल तेव्हा सगळ्यांच्या देखत त्याला दोन गोष्टी कबूल करायला लावा. पाळीच्या दिवसांचा खाडा कापायचा नाही. कोपीजवळ पाणी आणि संडास पाहिजे. तो हसेल. एका वस्तीला हसेल, दहा वस्त्यांना हसणार नाही. आणि वही उघडताना वंजाऱ्याची, लमाणाची, मराठ्याची बाई आली तर तिलाही लिहा. आपल्याला विटाळ म्हणजे काय ते कळतं, तेव्हा हे काम आपणच केलं पाहिजे.

माय घट बसवत असेल तर बसवू द्या. त्या नऊ दिवसांत तिच्याजवळ बसा, आणि ती देवीला जे सांगते ते तुम्ही ऐका. तिचं दुखणं ऐकणारं आणि त्यासाठी भांडणारं माणूस घरात उभं राहिलं की मडक्याची गरज तिची तिलाच उरणार नाही. ती आपल्या हातानं ते उचलून पाण्याला नेईल.

जयभीम.