आयोटा आणि वेलांटी

सणासुदीला भांडण काढू नये म्हणतात. पण वाचकहो, माझे भांडण एका वेलांटीपुरते आहे; फराळ करता करता ऐकावे.

इंग्रजीत 'आयोटा' असा एक शब्द आहे. अर्थ यत्किंचित, लवलेश. आपल्याकडचे वकील आणि वक्तेही तो ऐटीत वापरतात: 'आयोटाभर पुरावा नाही!' परवा एका तरुण शिक्षकाने तोच शुद्धलेखनावर फेकला. "सर, ऱ्हस्व काय नि दीर्घ काय, आयोटाभर फरक पडत नाही!" माझा वाद या वाक्याशी आहे.

आयोटा हे ग्रीक लिपीतले सर्वांत लहान अक्षर. एवढीशी उभी रेघ, उच्चार 'इ'. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, आकाश आणि पृथ्वी टळेपर्यंत धर्मशास्त्रातला आयोटासुद्धा गळायचा नाही. म्हणजे 'लहान आहे, सोडून द्या' हा त्या बोलण्याचा भाव नव्हेच. 'लहान आहे, तरी सोडू नका' हा आहे! इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने पुत्र हा पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच तत्त्वाचा, असे ठरवले. पुढे काहींनी 'होमोइऊसिओस', म्हणजे सारख्या तत्त्वाचा, हा शब्द पुढे केला. अंतर एका आयोटाचे. पण त्यावर विद्वान धर्मगुरू हिरिरीने भांडले.

आपली वेलांटी ही त्या आयोटाचीच बहीण. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे मस्तक, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर 'शुभ दीन' छापून आले, तर घेणाऱ्याने काय समजावे?

कोणी म्हणेल, १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढलेच ना? काढले, पण विचार करून काढले. हिशेबाने काढणे वेगळे, निष्काळजीपणाने सांडणे वेगळे.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे जुन्या घरांतून बायकांनाही पाठ असे. धनत्रयोदशीला सोने गुंजभर कमी भरले, तर आपल्यातला कोण हसून सोडून देईल? मग ही उदारता भाषेच्याच काट्यावर का?

ज्याला यत्किंचित म्हणायचे, त्याने खुशाल यत्किंचित म्हणावे. आयोटाचे नाव घेऊन मुलांच्या वहीतली वेलांटी मात्र पुसू नये.