पंतप्रधानांची उंची

मे २०२५ चा पहिला आठवडा मी बंगळुरूमध्ये काढला. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली होती आणि आता काय होणार, कधी होणार, याशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. माझे कोर्समेट पश्चिमेला आपापल्या पलटणींबरोबर होते. फोन लागत नव्हते. लागलेच तर "मजेत आहे, नंतर बोलू" एवढंच. मी इथे पीस पोस्टिंगवर. सकाळी हलसूर तलावाला फेऱ्या, आठ वाजता ऑफिसात फायली. अशा दिवसांत मागे राहणं काय असतं हे फौजी वाचकांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळेल असं वाटत नाही.

तलावाच्या कट्ट्यावर सकाळी आमची एक बैठक जमते. दोन निवृत्त कर्नल, बँकेतून निवृत्त झालेले एक कानडी गृहस्थ, मधूनमधून एखादा तरुण कॅप्टन, आणि मूळचे सातारा जिल्ह्यातले एक सुभेदार मेजर. त्यांचा मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून ऐंशीच्या घरात गाव सोडून ते इकडे आले. त्या आठवड्यात कट्ट्यावर एकच वाद होता. आपल्या नेत्यात दम आहे का? पलीकडच्यांत किती आहे? ऐनवेळी कोण कचरेल? बँकवाले एका बाजूला, एक कर्नलसाहेब दुसऱ्या बाजूला, आणि कॅप्टन मोबाइलवर टीव्हीच्या चर्चा लावून दोघांच्याही आगीत तेल ओतत होता.

मी गप्प. गणवेशातल्या माणसाने चालू राजकारणावर बोलायचं नसतं, लिहायचं तर नाहीच, आणि हे बंधन मला जाचत नाही. तेव्हा आजच्या कुठल्याही नेत्याबद्दल या लेखात एक अक्षर सापडणार नाही. पण युद्धाच्या तोंडावर नेत्याचं काळीज मोजायची जी आपली पद्धत आहे, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. तेवढ्यासाठी साठ वर्षं मागे जाऊ.

१९६५ च्या उन्हाळ्यात लालबहादूर शास्त्रींबद्दल देशात काय बोललं जात होतं, ते आज आठवलं की अवघडल्यासारखं होतं. माणूस जेमतेम पाच फुटांच्या वर. आवाज मऊ. पंतप्रधान झाल्यावर थोड्याच दिवसांत हृदयविकाराचा झटका आलेला. नेहरूंनंतर कोण, या प्रश्नाचं हे असलं उत्तर निघालं म्हणून शहरी लोक नाक मुरडत होते. धान्याची टंचाई होती, हिंदीच्या प्रश्नावरून मद्रासकडे दंगली होऊन गेल्या होत्या. एप्रिलमध्ये कच्छच्या रणात पाकिस्तानी रणगाडे आले आणि ३० जूनला आपण करार करून तो वाद लवादाकडे सोपवला. झालं, शास्त्री कच्चे आहेत यावर शिक्कामोर्तब. ऑगस्टमध्ये जनसंघाने या कराराविरुद्ध दिल्लीत मोठं निदर्शन केलं. त्याच महिन्यात लोकसभेत मिनू मसानींचा अविश्वास ठराव चर्चेला आला. त्या वेळी काश्मीरमध्ये घुसखोर शिरलेले होते, हे लक्षात घ्या. म्हणजे युद्ध दाराशी आलेलं आणि सभागृहात पंतप्रधान या जागेला लायक आहेत का याची चर्चा चाललेली. मला यात काही वावगं दिसत नाही. लोकशाही आहे, चर्चा होणारच. ठराव पडला. महिना संपता संपता, २८ ऑगस्टला, आपल्या जवानांनी हाजी पीर खिंड घेतली.

नाक मुरडणाऱ्यांत रावळपिंडीचे साहेबही होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये कैरोहून परतताना शास्त्री कराचीला उतरले होते आणि अयुब खान त्यांना भेटले होते. सहा फुटांहून उंच फील्ड मार्शल आणि शेजारी धोतरातली ही मूर्ती. त्या भेटीतून अयुबनी काढलेला निष्कर्ष त्यांना फार महागात पडला. १ सप्टेंबरला पाकिस्तानी चिलखती दळ छांबमध्ये घुसलं. ६ सप्टेंबरला आपल्या फौजा आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने निघाल्या. हा माणूस असा हुकूम देईल हे पिंडीतल्या कुणाच्या हिशेबात नव्हतं.

इथवरची गोष्ट आपल्याला आवडते. दिसायला लहान माणूस, आतून पोलाद. अकादमीत असताना खडकवासल्याला स्क्वाड्रनच्या वादविवादात मी हीच गोष्ट हातवारे करून सांगितली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता चाळिशी उलटल्यावर मला तिच्यात एक भोक दिसतं. शास्त्रींच्या आत पोलाद होतं म्हणून आपण वाचलो, असं म्हटलं तर मग १९६२ चं काय?

नेहरूंना भित्रा म्हणायची त्यांच्या कट्टर विरोधकाचीही छाती झाली नसती. जवळजवळ नऊ वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. १९४७ मध्ये दिल्ली पेटलेली असताना चिडलेल्या जमावात हा गृहस्थ एकटा शिरत असे. अंगचं धैर्य हीच जर कसोटी, तर बासष्ट घडायलाच नको होतं. पण घडलं, आणि त्याची पूर्वसूचना एका मराठी माणसाने तीन वर्षं आधी कागदावर लिहून दिली होती.

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरकडचे, वडगावचे. पूर्व विभागाचे आर्मी कमांडर असताना ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या संरक्षणावर टिपण पाठवलं: चीनकडून धोका आहे, इतकं सैन्य लागेल, अमुक ठिकाणी उभं राहावं लागेल. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन त्यांनी चिनी कुठवर येऊ शकतात हे नकाशावर मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हे सगळं अतिरंजित वाटलं. आपलं टिपण नेहरूंपर्यंत पोहोचलंच नव्हतं, ही गोष्ट थोरातांना कळली ती पराभवानंतर, खुद्द नेहरूंनी बोलावून घेतलं तेव्हा. हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर फिरायला गेलो होतो.

टिपण का पोहोचलं नाही, याचं एक उत्तर या बंगळुरूतच शिकलेल्या माणसापाशी सापडतं. जनरल तिमय्या मूळचे कोडगूचे, इथल्या बिशप कॉटन शाळेत होते. लष्करप्रमुख असताना मेनन यांच्याशी पटेना म्हणून १९५९ मध्येच त्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांना समजावून तो मागे घ्यायला लावला आणि मग संसदेत उभं राहून त्यांनाच बोल लावले. या प्रसंगाची चर्चा नेहमी 'तिमय्यांचा अपमान' अशी होते. मला अपमानाचं तितकं नाही. अपमान माणूस गिळतो. पण त्या दिवशी लष्करातल्या प्रत्येक महत्त्वाकांक्षी ब्रिगेडियरने आणि मेजर जनरलने एक धडा घेतला असणार: वर काय सांगायचं आणि काय नाही. १९६१ मध्ये तिमय्या आणि थोरात दोघेही निवृत्त झाले. तिमय्यांना आपल्या जागी थोरात हवे होते, ते झालं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की युद्धाच्या तोंडावर नेत्याची छाती मोजू नये, त्याचा दरवाजा बघावा. वाईट बातमी घेऊन आलेला माणूस आत जाऊ शकतो का? आणि बाहेर येताना त्याची नोकरी शाबूत असते का? शास्त्री-चव्हाण जोडीचं मोठेपण मला इथे दिसतं. यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबर १९६२ ला संरक्षणमंत्री झाले, ज्या दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हापासून आपण म्हणत आलो, आणि म्हणताना आपल्यालाच जरा उंच झाल्यासारखं वाटतं. पण देवराष्ट्र्याच्या या माणसाने दिल्लीत जाऊन केलं काय, तर तिन्ही दलप्रमुखांबरोबर नियमित बैठकी सुरू केल्या आणि ऐकून घेतलं. इतकं साधं काम. १ सप्टेंबर १९६५ ला दुपारी जनरल चौधरी छांबसाठी हवाई दलाची मदत मागायला आले, एअर मार्शल अर्जन सिंग शेजारी होते, आणि चव्हाणांनी मंत्रिमंडळाची वाट न पाहता काही मिनिटांत होकार दिला. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. शास्त्रींनी चव्हाणांना जाब विचारत बसण्याऐवजी त्यांच्या पाठीशी उभं राहणं पसंत केलं. १९७१ मध्ये सॅम माणेकशांनी इंदिरा गांधींना "आत्ता नाही" म्हटल्याची गोष्ट तर पाठच असेल. तिच्यातला नाट्यमय भाग सॅमसाहेबांनी मागाहून थोडा रंगवला असेलही, पण तयारीसाठी महिने मिळाले, ते खरंच.

कट्ट्यावर मी हे एवढं सगळं बोललो नाही. पण दरवाजाची गोष्ट बोललो, आणि सुभेदार मेजर साहेबांनी काठी आपटली.

"साहेब, पासष्टला मी वीस वर्सांचा. खंदकात आमाला पंतप्रधान कसा दिसतो ते ठावं नव्हतं. पेट्या किती आल्या ते ठावं होतं. आनि पेट्या मोजून वर सांगनारा कोन होता? शास्त्रीबुवा नव्हते, आपलाच मानूस होता."

त्यांनी कुठे बोट ठेवलं ते त्यांना माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. सप्टेंबर १९६५ च्या तिसऱ्या आठवड्यात युद्धबंदीसाठी संयुक्त राष्ट्रांचा दबाव वाढला, तेव्हा शास्त्रींनी लष्करप्रमुखांना नेमका विचारायला हवा तोच प्रश्न विचारला: आणखी काही दिवस मिळाले तर निर्णायक यश मिळेल का? जनरल चौधरींनी सांगितलं की आघाडीवरचा दारूगोळा बराचसा संपला आहे, रणगाड्यांचं नुकसानही मोठं आहे. शास्त्रींनी युद्धबंदी मान्य केली. ती २३ तारखेला पहाटे लागू झाली. पुढे हिशेब लागला तेव्हा आघाडीवरच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच खर्च झाला होता, अशी या युद्धाच्या इतिहासांत नोंद आहे.

युद्ध लांबवायला हवं होतं का, यावर माझं मत मी इथे देणार नाही. तो वेगळा लेख होईल आणि भांडणंही वेगळी होतील. मला डाचतं ते एवढंच की इथे दरवाजा उघडा होता. प्रश्न सरळ होता. विचारणारा ऐकून घेणारा होता. आणि तरी चुकीचा आकडा आत गेला, आणि तो आपल्या बाजूने गेला, गणवेशाच्या बाजूने.

नेत्याच्या काळजाची चर्चा आपल्याला का आवडते, ते मला तेव्हा कळलं. त्या चर्चेत आपण सगळे प्रेक्षक असतो.

आता माझंच सांगतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा मी कॅप्टन होतो आणि पलटणीतल्या गाड्यांचा हिशेब माझ्याकडे होता. देश पेटला होता. आम्ही तरुण अफसर मेसमध्ये रात्र रात्र हाच वाद घालत होतो: दिल्लीत बसलेल्यांच्यात हिंमत आहे की नाही? एका संध्याकाळी सीओसाहेबांनी विचारलं, "गाड्या?" मी म्हणालो, "सगळ्या तयार, सर." चार ट्रक बॅटऱ्यांअभावी उभे होते. उद्या सकाळपर्यंत बॅटऱ्या येतील, असं मी मनाशी धरलं होतं. त्या आल्या सहाव्या दिवशी. सीओसाहेब तापट नव्हते, वाईट बातमी देणाऱ्याला त्यांनी कधी फाडून खाल्लं नव्हतं. त्यांना घाबरून मी खोटं बोललो असतो तर निदान ती सबब तरी झाली असती. मी बोललो कारण खोलीत सगळे "तयार, सर" म्हणत होते आणि मला वेगळं बोलायचं नव्हतं. माझे ते चार ट्रक ब्रिगेडच्या आकड्यात गेले, तिथून आणखी वर. त्या वेळी कूच करायची वेळ आली नाही. बॅटऱ्या बसल्यावरही मी सीओसाहेबांना काही सांगितलं नाही. ते आता हयात नाहीत.

कट्ट्यावर हे मी बोललो नव्हतो. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

६ मेच्या सकाळी बैठक लवकर मोडली. दुसऱ्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता, बंगळुरूतही, आणि सगळ्यांना त्याचीच उत्सुकता. उठता उठता सुभेदार मेजर साहेबांनी मला विचारलं, "तुमच्याकडं उद्या लाइट घालवली, तर जनरेटर चालतोय ना, साहेब?"

"चालतो की," मी म्हणालो.

दहा पावलं गेल्यावर थांबलो, फोन काढला आणि ड्यूटीवरच्या हवालदाराला विचारलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बघून सांगतो, साहेब."