मोजणीतील एक अधिक प्रेत : ऐतिहासिक रहस्यकादंबरीविषयी एक मत



कादंबरी या साहित्यप्रकाराचा अभ्यास करताना ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी यांची ओळख आपल्याला बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांतून होते. पहिलीला मानाचे स्थान मिळते, तर दुसरीची बोळवण 'रंजनप्रधान वाङ्मय' या शीर्षकाखाली दोन-तीन परिच्छेदांत होते. या दोहोंच्या मीलनातून निर्माण झालेली ऐतिहासिक रहस्यकादंबरी मग कोणत्याच प्रकरणात नीट बसत नाही. माझ्या मते ही उपेक्षा अन्यायकारक आहे. इतिहासातील ज्या माणसांची कोठेही नोंद झाली नाही, त्यांच्याविषयी गांभीर्याने विचार करण्याची एक उत्तम रीत या प्रकारात आहे. हे मत मला माझ्या अत्यंत आवडत्या एका इंग्रजी कादंबरीमालिकेच्या आधारे मांडावयाचे आहे. ही मालिका म्हणजे एलिस पीटर्स यांची ब्रदर कॅडफेल मालिका होय.

मालिकेची पार्श्वभूमी

एलिस पीटर्स हे ईडिथ पार्जेटर (1913–1995) या लेखिकेचे टोपणनाव. इंग्लंडच्या पश्चिमेकडील, वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशर परगण्यात त्यांचा जन्म झाला आणि त्यांचे आयुष्यही मुख्यतः तेथेच गेले. तरुणपणी त्यांनी एका औषधविक्रेत्याच्या दुकानात सहायक म्हणून काम केले, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला विभागात सेवा केली आणि पुढे चेक भाषेतील साहित्याचे इंग्रजी अनुवादही केले. कॅडफेल मालिकेतील पहिली कादंबरी, 'अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स', 1977 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखिकेचे वय साठीच्या पुढे होते. त्यानंतर 1994 पर्यंत या मालिकेत एकूण वीस कादंबऱ्या निघाल्या.

या कादंबऱ्यांचा काळ 1137 ते 1145 असा अवघ्या आठ-नऊ वर्षांचा आहे. राजा पहिला हेन्री याचा एकुलता एक औरस मुलगा 1120 मध्ये जहाज बुडून मरण पावला होता. त्यामुळे आपल्या पश्चात मुलगी मॉड हिला राणी मानावे, अशी शपथ राजाने सरदारांकडून घेतली. परंतु 1135 मध्ये राजा मरताच त्याचा भाचा स्टीफन याने राज्यपद बळकावले आणि देशात दीर्घकाळ चालणारे यादवी युद्ध पेटले. एका गादीचे दोन दावेदार, प्रत्येकाच्या पाठीशी सरदारांचा एकेक गट आणि सोयीनुसार बाजू बदलणारे कित्येक, हे चित्र शाहू आणि ताराबाई यांच्यातील संघर्षाचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

कथानकाचे केंद्र मात्र राजवाड्यात नाही. ते आहे श्रूझबरी या गावातील बेनेडिक्टाइन पंथाच्या मठात. हा मठ 1083 मध्ये स्थापन झाला आणि त्याचे चर्च आजही उभे आहे. कॅडफेल हा या मठातील औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा साधू. जन्माने तो वेल्श. पहिल्या धर्मयुद्धात तो सैनिक म्हणून पूर्वेकडे गेला, अँटिऑक आणि जेरुसलेम येथील लढायांत लढला, पुढे खलाशी झाला आणि वयाच्या चाळिशीत मठात दाखल झाला. औषधींचे ज्ञान त्याने पूर्वेकडील मुक्कामात मिळवले. मालिका सुरू होते तेव्हा तो साठीकडे झुकलेला आहे. काढे करावेत, मलमे घोटावीत, रुग्णशाळेतील वृद्धांची विचारपूस करावी, असा त्याचा दिनक्रम आहे.

चौऱ्याण्णव आणि एक

मालिकेतील दुसरी कादंबरी 'वन कॉर्प्स टू मेनी' (1979) ही माझ्या मताचा मुख्य आधार आहे. 1138 च्या उन्हाळ्यात स्टीफनने श्रूझबरीचा किल्ला जिंकला आणि आतील शिबंदीला फासावर चढवले. ही घटना ऐतिहासिक आहे. ऑर्डेरिक व्हिटॅलिस या समकालीन बखरकाराने तिची नोंद केली असून मृतांचा आकडा नव्वदांच्या पुढे दिला आहे. कादंबरीत हा आकडा चौऱ्याण्णव आहे. प्रेतांना अंघोळ घालून त्यांचे विधिवत दफन करता यावे, यासाठी मठाकडून कॅडफेल पुढे येतो. ओळीने मांडलेली प्रेते तो मोजतो, तर ती पंच्याण्णव भरतात. अधिकच्या प्रेताच्या गळ्यावरील व्रण फाशीचा नाही. त्या तरुणाचा कोणीतरी मागून बारीक दोरीने गळा आवळला आहे आणि खून लपवण्यासाठी त्याचे प्रेत या ढिगात आणून टाकले आहे.

या प्रसंगातील नैतिक पेच लक्षात घ्यावा. राजाच्या आज्ञेने एका दिवसात चौऱ्याण्णव माणसे मारली गेली. ती 'शिक्षा' होती, म्हणून तिची चौकशी होत नाही. मग आणखी एका मरणाने असा कोणता फरक पडतो? मोजताना चूक झाली असे म्हणून खड्डे बुजवता आले असते. परंतु कॅडफेल तसे करत नाही. या एकाला कोणी मारले, का मारले आणि मुळात तो होता तरी कोण, हे प्रश्न तो राजासमोर नेतो. चौऱ्याण्णवांचे मरण त्याला टाळता आले नाही. जे त्याच्या हातात आहे ते मात्र तो सोडत नाही.

रहस्यकादंबरीची रचना येथे इतिहासाच्या कामी कशी येते, ते पाहा. रहस्यकथेचा मूलभूत संकेत असा की, प्रत्येक मृत्यूला उत्तर द्यावेच लागते. मृत व्यक्ती गरीब असो, अनोळखी असो वा अप्रिय असो, तिचा मृत्यू उलगडल्याशिवाय कथा संपत नाही. इतिहासलेखनाला हा नियम पाळता येत नाही, कारण त्याचा आधार कागदपत्रे असतात आणि कागदपत्रे बहुधा मोठ्यांविषयी बोलतात. पानिपतच्या पराभवानंतर पेशव्यांकडे गेलेला सांकेतिक निरोप आपणा सर्वांना परिचित आहे. त्यात थोर सेनानींची गणती मोत्यांत आणि मोहरांत झाली. सामान्य सैनिक मात्र चांदी-तांब्याच्या नाण्यांप्रमाणे गणतीबाहेर राहिले. तो निरोप निष्ठुर होता असे मला म्हणावयाचे नाही. घाईच्या, दुःखाच्या वेळी हिशेब असाच मांडला जातो. त्या गणतीबाहेरच्यांतील एखाद्याला निवडून त्याची कहाणी सांगणे हे काम कादंबरीचे आहे, आणि रहस्यकादंबरीला ते तिच्या संकेतामुळेच टाळता येत नाही.

नोंदींमधील रिकामी जागा

इतिहासात कल्पिताची भर घातल्याने वाचकाची दिशाभूल होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो रास्त आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबरीतील काल्पनिक संवाद पुढे भाषणांतून आणि लेखांतून इतिहास म्हणून उद्धृत होताना आपण पाहतो. या बाबतीत पीटर्स यांची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. ज्ञात घटनांना त्या सहसा धक्का लावत नाहीत. दोन नोंदींच्या मध्ये जी जागा रिकामी राहते, तेथे त्या आपली कथा रचतात.

पहिल्याच कादंबरीचे उदाहरण घेऊ. श्रूझबरीच्या मठाने वेल्समधील ग्विदरिन या खेड्यातून संत विनिफ्रेड हिच्या अस्थी आणून आपल्या चर्चमध्ये स्थापन केल्या, हा इतिहास आहे. त्या मोहिमेचा पुढारी रॉबर्ट हाही ऐतिहासिक पुरुष असून त्याने या संत स्त्रीचे चरित्र लिहिले. कादंबरीत कॅडफेल दुभाष्या म्हणून या मोहिमेत सामील होतो. आपल्या गावची संत परक्यांच्या स्वाधीन करण्यास गावकऱ्यांचा विरोध असतो. विरोध करणाऱ्या प्रमुख जमीनदाराला रॉबर्ट पैशांचे आमिष दाखवतो, तेव्हा तो संतापून निघून जातो आणि नंतर त्याचे प्रेत सापडते. शेवटी अस्थींची पेटी समारंभपूर्वक श्रूझबरीस पोहोचते, म्हणजेच इतिहासात नोंदले गेले तसेच घडते. मात्र त्या बंद पेटीत नेमके काय आहे, हे ठाऊक असलेल्या मोजक्या माणसांत आता वाचकाचाही समावेश झालेला असतो. ते मी येथे सांगत नाही. इतके मात्र नमूद करतो की, विजेत्याने लिहिलेले चरित्र आणि गावाने जपलेले सत्य यांतील अंतर ही कादंबरी एका पेटीच्या साहाय्याने दाखवून देते.

1980 च्या 'मंक्स हुड' या तिसऱ्या कादंबरीतही हीच रीत दिसते. या कादंबरीला ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेचा सिल्व्हर डॅगर पुरस्कार मिळाला. शीर्षकातील वनस्पती आपल्याकडील बचनागाच्या जातकुळीतील आहे. सांधेदुखीवर चोळण्यासाठी कॅडफेलने स्वतः तयार केलेले तिचे तेल चोरून कोणीतरी एका माणसाच्या अन्नात मिसळते. गुन्ह्याच्या मुळाशी आहे वारसाहक्काविषयीचा इंग्लिश आणि वेल्श कायद्यांतील फरक. सीमेच्या एका बाजूला ज्याला हक्क नाही, त्याला दुसऱ्या बाजूला तो आहे. कायद्याच्या इतिहासातील एक कोरडी तरतूद येथे एका कुटुंबाचा विनाश घडवते. आपल्या हातचे औषध विष म्हणून वापरले गेले, ही बोच कॅडफेलला लागते ती वेगळीच.

दोन आक्षेप

या मालिकेचे दोष झाकून तिची शिफारस करणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप असा की, कॅडफेल बाराव्या शतकातील माणूस वाटत नाही. परधर्मीयांविषयी त्याला आदर आहे, स्त्रियांच्या निर्णयांना तो मान देतो आणि चमत्कारांकडे काहीसा मिश्किलपणे पाहतो. ही मूल्ये विसाव्या शतकातील लेखिकेची आहेत. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. तरी लेखिकेने त्याला जन्मभर मठात वाढलेला साधू केले नाही, ही बाब महत्त्वाची ठरते. अनेक वर्षे पूर्वेकडे राहिलेल्या, तेथे एका सीरियन स्त्रीवर प्रेम केलेल्या माणसाची दृष्टी त्याच्या सहकाऱ्यांहून निराळी असणे असंभाव्य नाही. शिवाय त्याची श्रद्धा खरी आहे. 'वन कॉर्प्स टू मेनी'मधील न्याय अखेरीस द्वंद्वयुद्धाने होतो आणि त्या निवाड्यामागे ईश्वर आहे, हा त्या काळाचा विश्वास कादंबरी थट्टेवारी नेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बहुतेक कादंबऱ्यांत एक देखणे, निष्पाप तरुण जोडपे असते. संशय त्यांच्यापैकी एकावर येतो आणि शेवटी त्यांचे मीलन होते. सलग पाच-सहा कादंबऱ्या वाचल्यास हा साचा जाणवू लागतो. त्यासोबत दुसरी एक गोष्टही खटकते. गुन्हेगाराला शिक्षा द्यावी की सोडावे, हे काही वेळा कॅडफेल एकटाच ठरवतो. 'मंक्स हुड'मध्ये तो अपराध्याला फाशीकडे सोपवत नाही. जगून, इतरांच्या उपयोगी पडून प्रायश्चित्त घेण्यास सांगतो. हा न्याय वाचकाला भावतो, परंतु असा अधिकार एका व्यक्तीच्या हाती असावा काय? मला याचे सरळ उत्तर देता येत नाही. ज्या काळात राजाची आज्ञा हाच कायदा होता आणि त्या आज्ञेने चौऱ्याण्णव जण लटकले, त्या काळात कायद्याबाहेरील दयेला काही स्थान असावे, एवढेच म्हणता येते.

मराठी वाचकाने ही मालिका का वाचावी?

1871 मधील 'मोचनगड'पासून मराठीत ऐतिहासिक कादंबरीची समृद्ध परंपरा आहे. मात्र 'स्वामी' (1962) नंतरच्या काळात वाचकप्रिय ठरलेल्या बहुतेक कादंबऱ्या थोर पुरुषांच्या चरित्राभोवती फिरतात. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांसारख्या लेखकाने रहस्यकथेला अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. हे दोन प्रवाह एकत्र आलेले माझ्या वाचनात क्वचितच आढळले. पेशवाईतील एखादा कोतवाल, एखाद्या गडाच्या पायथ्याचा वैद्य किंवा वतनाच्या तंट्यात अडकलेली विधवा यांना केंद्रस्थानी ठेवून अशी मालिका मराठीत लिहिली जाऊ शकते. आपल्या दप्तरखान्यांत वतनांचे, वारसांचे आणि फिर्यादींचे कागद विपुल आहेत. त्यांतील रिकाम्या जागा लेखकाची वाट पाहत आहेत.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला ही मालिका जवळची वाटण्याचे आणखी एक कारण आहे. चाळिशीत मठात आलेला कॅडफेल आपले पूर्वायुष्य पुसून टाकत नाही. सैनिक, खलाशी आणि प्रियकर म्हणून जे शिकला, तेच त्याला प्रेताच्या गळ्यावरील व्रण वाचताना उपयोगी पडते. नोकरी, शेती, संसार सांभाळून अभ्यासाकडे वळलेल्या आपल्यासारख्या वाचकांनी आपला अनुभव अभ्यासाच्या आड येतो असे समजू नये.

मालिकेतील शेवटच्या 'ब्रदर कॅडफेल्स पेनन्स' (1994) या कादंबरीत कॅडफेलचा मुलगा यादवी युद्धात कैद होतो. त्याला शोधण्यासाठी कॅडफेल आज्ञापालनाचे व्रत मोडतो आणि मठाधिपतींच्या परवानगीशिवाय बाहेर राहतो. परत येतो तेव्हा आपल्याला पुन्हा स्वीकारले जाईल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. दोन दावेदारांच्या त्या युद्धात एका कैद्याला फारसे मोल नव्हते. ज्या माणसाने अनोळखी तरुणाच्या प्रेतासाठी राजाला प्रश्न विचारला होता, तो आता एका जिवंत माणसासाठी स्वतःचे सर्वस्व पणाला लावतो. पंच्याण्णवावे प्रेत मोजणारा कॅडफेल येथेही तोच आहे. म्हणून दुसरी आणि विसावी या दोन कादंबऱ्या तरी आपण अवश्य वाचाव्यात आणि वाचताना स्वतःला विचारावे : आपण शिकलेल्या इतिहासातील कोणता आकडा आपण कधीच मोजून पाहिला नाही?