पुण्याचा संघ चॅम्पियन झाला होता, आठवतंय का?

पोस्ट मोठी आहे. पण घरात पळणारं, खेळणारं पोरगं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात एक पोरगा भेटायला आला. सोबत वडील. ऊसतोडीला जाणारं कुटुंब, दसरा झाला की कोयता घेऊन निघतात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत. पोराच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक सोनेरी मेडल, एक रंगीत सर्टिफिकेट आणि एक घडी घातलेलं कात्रण. कात्रण माझ्याच बातमीचं होतं. तीन वर्षांपूर्वीचं. 'तालुक्याच्या सुपुत्राची व्यावसायिक लीगमध्ये निवड'. खाली पोराचा फोटो, हार घातलेला, शेजारी गावचे चार मान्यवर.

वडील म्हणाले, "साहेब, भरतीला हे सर्टिफिकेट चालत नाही म्हनतेत. तुम्ही तर पेपरात छापलं होतं. मग खोटं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. चहा मागवला आणि विषय बदलला. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय.

खेळ कोणता होता? चेंडू हातात घेऊन पळायचा एक फुटबॉल. रग्बीचा भाऊ म्हणा. ट्रायलची फी, किटचे पैसे, दुसऱ्या राज्यात जायचं भाडं, सगळं मिळून त्या बापानं वीस हजारांच्या वर घातले होते. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले. तिथं चार संघ, दोन दिवस साखळी सामने, मग सेमीफायनल, मग फायनल. पोराचा संघ फायनल जिंकला. मेडल मिळालं. त्यानंतर लीगचा फोन लागत नाही. विषय संपला.

आता याच खेळाची एक गोष्ट सांगतो. ती मोठी आहे आणि खरी आहे.

२०११ मध्ये गाजावाजा करून जाहीर झालं की भारतात अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग येतेय. नाव 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया'. पाठीशी नावंही साधी नव्हती. शिकागोचा जुना कोच माइक डिटका, खेळाडू कर्ट वॉर्नर, हॉलिवूडचा नट मार्क वॉलबर्ग. आपल्याकडचे दोन संघ होते, 'मुंबई ग्लॅडिएटर्स' आणि 'पुणे मराठाज'. पहिला हंगाम २०१२ चा. सामने झाले श्रीलंकेत, कोलंबोला. टीव्हीवर दाखवले नंतर. फायनलला नाव दिलं 'एलिट बोल'. त्यात पुणे मराठाजनं दिल्ली डिफेंडर्सला ६-० नं हरवलं.

म्हणजे पुण्याचा संघ अमेरिकन फुटबॉलचा चॅम्पियन झाला होता. तुम्हाला माहीत होतं? मी चोवीस तास बातम्यांत असतो, मलाही नव्हतं. मिरवणूक नाही, गुलाल नाही, शनिवारवाड्यासमोर एक फटाकासुद्धा नाही. त्या लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. पुणे मराठाज आजही गतविजेतेच आहेत म्हणायचं. त्यांना हरवायला पुन्हा कोणी मैदानात उतरलंच नाही!

गंमत बघा. त्याच वर्षी, २ एप्रिल २०१२ ला, पुण्याचाच आणखी एक संघ दुसऱ्या एका लीगच्या फायनलला होता. 'वर्ल्ड सिरीज हॉकी'. मुंबईच्या मैदानावर 'शेर-ए-पंजाब'नं 'पुणे स्ट्रायकर्स'ला ५-२ नं हरवलं. या लीगला हॉकी इंडियाची मान्यता नव्हती. पुढं खेळाडूंचे पैसे थकल्याच्या बातम्या आल्या आणि दुसरा हंगाम याचाही झाला नाही. एकाच वर्षात पुण्यानं दोन फायनल खेळल्या, एक जिंकली, एक हरली. दोन्ही लीगचा आज पत्ता नाही. जिंकणारा आणि हरणारा शेवटी एकाच रांगेत.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. ज्या अमेरिकेत हा खेळ म्हणजे धर्म आहे, तिथंही झालंय. १९७४ मध्ये तिथं 'वर्ल्ड फुटबॉल लीग' निघाली. नाव वर्ल्ड, आणि संघ जवळपास सगळे अमेरिकेतलेच! ५ डिसेंबर १९७४ ला फायनल झाली, 'वर्ल्ड बोल'. बर्मिंगहॅम अमेरिकन्स विरुद्ध फ्लोरिडा ब्लेझर्स. बर्मिंगहॅमकडं २२-० ची आघाडी होती, फ्लोरिडानं मागून येऊन २२-२१ पर्यंत आणलं, एका गुणानं सामना गेला. यापेक्षा भारी फायनल काय असते? पण फ्लोरिडाच्या पोरांना कित्येक आठवडे पगारच नव्हता, ते तसेच खेळत होते. आणि जिंकलेल्या बर्मिंगहॅमचं काय झालं? सामना संपल्यावर शेरीफची माणसं आली आणि खेळाडूंचे गणवेश जप्त करून घेऊन गेली, कारण किट पुरवणाऱ्या कंपनीची उधारी थकली होती. चॅम्पियनच्या अंगावरचे कपडेसुद्धा उधारीचे. पुढच्या वर्षी हंगाम अर्ध्यावर असतानाच लीग बंद पडली.

फडावर मुकादम पळून गेल्यावर टोळीचं काय होतं हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ऊस तोडलेला असतो, वजन झालेलं असतं, आणि हिशोब द्यायला माणूस नसतो. या खेळाडूंचं तेच झालं.

नंतर १९८३ ला 'यूएसएफएल' आली. तीन हंगाम, तीन फायनल. शेवटची १९८५ मध्ये बाल्टिमोर स्टार्सनं ऑकलंडविरुद्ध २८-२४ अशी जिंकली. एका संघाचे मालक होते डोनाल्ड ट्रम्प, तेच. मोठ्या लीगवर, एनएफएलवर, मक्तेदारीचा खटला टाकला. १९८६ मध्ये ज्युरीनं सांगितलं, हो, तुमचं म्हणणं बरोबर आहे, नुकसानभरपाई घ्या एक डॉलर. कायद्यानं तिप्पट करून तीन डॉलर झाले. खटला जिंकला आणि लीग मेली.

मग टिकलं कोण? १९६० ला सुरू झालेली 'अमेरिकन फुटबॉल लीग'. पहिली फायनल १ जानेवारी १९६१ ला, ह्यूस्टननं लॉस एंजेलिसला २४-१६ नं हरवलं. ही लीगही आज नाही, दहाच हंगाम चालली. पण ती बुडाली नाही, एनएफएलमध्ये विलीन झाली. तिचे सुरुवातीचे आठही संघ आज एनएफएलमध्ये खेळतात, काहींनी फक्त गाव किंवा नाव बदललंय. का टिकली? एक मोठं कारण पैशाचं. टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले, मोठ्या शहराचा संघ असो की छोट्या. दुसरं कारण, हंगामामागून हंगाम खेळत राहिली. शेवटच्या, १९६९ च्या हंगामात तर प्लेऑफमध्ये दुसऱ्या नंबरच्या संघांनाही जागा दिली. कॅन्सस सिटी चीफ्स असेच दुसऱ्या नंबरवरून आत आले, आधी न्यूयॉर्कला १३-६, मग ऑकलंडला १७-७, आणि ११ जानेवारी १९७० ला सुपर बोलमध्ये एनएफएलच्या मिनेसोटाला २३-७. त्या सामन्याला अर्थ होता, कारण त्याच्या मागं दहा वर्षं होती.

मला म्हणायचं ते इथं आहे. प्लेऑफ, क्वालिफायर, एलिमिनेटर, फायनल हे शब्द आता शेंबड्या पोराला पाठ आहेत. आयपीएलनं २०११ पासून ही पद्धत आणली आणि गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेतसुद्धा आता 'क्वालिफायर वन' असतो. पण फायनल कुणीही भरवू शकतं. चार संघ, एक मंडप, एक कप, चार पाहुणे, झाली फायनल. खालचा जिना कोण बांधणार?

आपल्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. दुपारी बारकी पोरं रेवड्यांवर धरतात. मग नारळावर. मग शंभराची, पाचशेची, हजाराची. दिवस मावळायला आला की शेवटची कुस्ती. त्या शेवटच्या कुस्तीला सगळं गाव उभं राहतं, कारण तो पैलवान कधीतरी रेवड्यांवर लढलेला असतो आणि ते लोकांनी बघितलेलं असतं. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुलमध्ये सोनं घेऊन आला, तो याच मातीतून चढत गेला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करातल्या स्पर्धांतून पुढं आला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं. लीगचं तिकीट काढून कुणी मोठा झाला नाही.

लीग वाईट असते असं मी म्हणत नाही. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणाला २८-२५ नं हरवून कप घेतला तेव्हा गावोगाव लोकांनी टीव्हीपुढं आरडाओरड केली. कॅप्टन अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. ती फायनल लोकांना आपली वाटली, कारण खाली गावोगावची मंडळं आहेत, तालुका-जिल्हा-राज्य असा रस्ता आहे. पुणे मराठाजच्या खाली काहीच नव्हतं. नावात 'मराठा' घातलं म्हणून माती लागत नाही.

आणि जिना असूनही वरचं दार बंद असेल तर? तेही बघा. खो-खोची पहिली लीग, 'अल्टिमेट खो-खो', २०२२ मध्ये बालेवाडीत झाली. फायनल ओडिशानं तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५, एका गुणानं जिंकली. दुसरा हंगाम कटकला, जानेवारी २०२४ मध्ये संपला. दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. कॅप्टन प्रियंका इंगळे, मूळची आपल्या केज तालुक्यातल्या कळंब आंब्याची. जिनं जगाची फायनल जिंकली, तिला त्या दोन्ही हंगामांत लीगमध्ये जागा नव्हती.

आता माझ्या चुकीकडं येतो. तीन वर्षांपूर्वी ती बातमी मला व्हॉट्सअॅपवर तयार आली होती. मी एक फोन केला नाही. संघटनेला मान्यता आहे का, विचारलं नाही. पोरगा गरिबाचा आहे, नाव होईल, एवढाच विचार. डिप्लोमाच्या पहिल्याच तासाला शिकवलं होतं, खात्री केल्याशिवाय छापू नये. वीस वर्षांत विसरलो. माझं कात्रण त्या बापाला पुरावा वाटलं. पेपरात आलं म्हणजे खरं. ही जबाबदारी माझी आहे आणि ती मी इथं जाहीर घेतो.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी खेळ शासनाच्या यादीतला लागतो, स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. कुठल्याही लीगचं चकचकीत सर्टिफिकेट तिथं रद्दी आहे. म्हणून आईबापांनो, पैसे भरायच्या आधी एवढं विचारा:

१. संघटनेला राज्य संघटनेची आणि शासनाची मान्यता आहे का? तोंडी नको, कागद दाखवा म्हणा.
२. पैसे कोण कुणाला देतंय? व्यावसायिक लीग खेळाडूला पैसे देते. खेळाडूकडून घेते ती लीग नाही, दुकान आहे.
३. निवड कुठून झाली? तालुका, जिल्हा, विभाग असे सामने झाले, की एका दिवसाच्या ट्रायलमध्ये आलेला प्रत्येक जण 'सिलेक्ट'?
४. मागचा हंगाम कधी झाला आणि त्यातली पोरं आज कुठं आहेत?

जिल्हा क्रीडा कार्यालयाला एक विनंती. मान्यताप्राप्त खेळांची आणि संघटनांची यादी प्रत्येक तहसीलच्या आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावा. एक पान आहे, खर्च काही नाही. आणि माझ्या पत्रकार मित्रांनो, 'निवड' शब्द छापायच्या आधी एक फोन करा. मीही करणार आहे.

त्या पोराचं काय? वय अजून हातात आहे. सकाळी पाचला उठून पळतोय, भरतीला खुल्या मैदानावर उतरणार म्हणतोय, सर्टिफिकेटशिवाय. जाताना वडिलांनी कात्रण परत मागितलं. म्हणलं, काय करता त्याचं? म्हणाले, "राहू द्या साहेब, फोटो चांगला आलाय पोराचा."

तुमच्या तालुक्यात असं झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. पोरांची नावं लिहू नका, फक्त काय झालं ते सांगा.